ट्रकभर पुरावे आणि एक सातबारा

महाराष्ट्रात पुरावे वाहनाने येतात. १९९४ साली मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांच्याविरुद्ध आपल्याजवळ ट्रकभर पुरावे असल्याचं जाहीर केलं. २०१३ साली देवेंद्र फडणवीस आणि विनोद तावडे सिंचन घोटाळ्याचे कागद बैलगाडीवर लादून औरंगाबादेत माधव चितळे समितीकडे गेले. दोन्हींचा रोख बारामतीवर होता. ट्रक कोर्टाच्या फाटकातून आत जाताना कुणी पाहिला नाही. बैलगाडी समितीच्या दारापर्यंत पोचली, तिचे फोटो छापून आले, पण बैल सोडल्यावर पुढे काय झालं हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही. आता ही दोन्ही वाहनं विनोदापुरती उरली आहेत. थोरल्यानं धाकट्याची चुगली केली की आई विचारते, "बैलगाडीभर पुरावे आहेत का रे?"

बारामती आणि इंदापूर हे तालुके आरोपांच्या बाबतीत सधन आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी अशा कुठल्याही कारखान्याची वार्षिक सभा एकदा बसून ऐकावी. काटा मारला, रिकव्हरी चोरली, संचालकांचे पाहुणे कामावर घेतले, मळी कवडीमोलाने विकली. कुणी उठून 'त्र्याऐंशी लावा' म्हणतो, दुसरा त्याच्यावर कडी करून 'अठ्ठ्याऐंशी लावा' म्हणतो. सहकार कायद्याच्या ८३ आणि ८८ या कलमांचा अर्थ इथल्या सातवी शिकलेल्या सभासदालाही सांगावा लागत नाही: एकात चौकशी, दुसऱ्यात नुकसानीची वसुली. मतदान झालं, गुलाल उधळला, की आरोप करणारा आणि ज्याच्यावर आरोप झाला तो, दोघं एकाच लग्नात शेजारी शेजारी पंगतीला. आरोप हे आमच्याकडे हंगामी पीक आहे. तोडणी झाली की रान मोकळं. बाहेरचा माणूस याला ढोंग म्हणेल. इथल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्या आरोपांनी कुणाचं काही जायचं नसतं हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

ज्याचं जायचं असतं, त्याच्याकडे नंतर येतो. आधी मोठ्या आरोपाची गोष्ट नीट पाहू, कारण त्यात एक गंमत आहे.

राज्याच्या २०११-१२च्या आर्थिक पाहणी अहवालातून असं दिसलं, की दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढलं. त्याच दशकात जलसंपदा खात्याने सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च केले होते. दोन आकडे शेजारी ठेवले गेले आणि बघता बघता एकूण खर्चालाच घोटाळ्याची रक्कम म्हणायची पद्धत पडली. म्हणजे धरणाच्या भिंती, दरवाजे, कालवे, भूसंपादनाचा मोबदला, सगळंच कुणीतरी खाल्लं! विजय पांढरे या मुख्य अभियंत्याने पत्र लिहून जे मुद्दे मांडले होते ते बेतात होते आणि तपासण्याजोगे होते: निविदांच्या किमती कशा फुगल्या, कामाचा दर्जा काय, मंजुरीच्या साखळीत कुणाच्या सह्या. त्यातल्या एकेका फाइलीवर खटला उभा राहू शकला असता. पण सभेत फाइल क्रमांक सांगून टाळ्या मिळत नाहीत. ७० हजार कोटी म्हटलं की मिळतात.

आरोप फुगवणारा माणूस आपण आरोपीचं नुकसान करतोय असं समजतो. प्रत्यक्षात तो त्याला अभय देत असतो. शंभर रुपयांची चोरी शंभर रुपयांची म्हणून सिद्ध करता येते. तीच लाखाची सांगितली की आरोपीच्या वकिलाला फक्त एवढंच दाखवायचं असतं की लाख रुपये त्या घरात कधी नव्हतेच. मग मूळचे शंभरही हिशेबातून जातात.

पुढचा घटनाक्रम सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी तारखा एकदा ओळीने मांडतो. सिंचनाच्या या आरोपांवरून २५ सप्टेंबर २०१२ रोजी अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. डिसेंबरात ते पुन्हा त्याच पदावर आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र देऊन त्यांच्याकडे जबाबदारीचं बोट दाखवलं. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच विभागाने त्याच न्यायालयात फौजदारी जबाबदारी नसल्याचं सांगितलं. मधल्या काळात, २३ नोव्हेंबर २०१९च्या भल्या सकाळी, एक शपथविधी होऊन गेला होता आणि तीनच दिवसांत ते सरकार पडलंही होतं. २७ जून २०२३ रोजी पंतप्रधानांनी भोपाळच्या सभेत राष्ट्रवादीवर ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा ठपका ठेवला. पाच दिवसांनी, २ जुलैला, अजित पवार भाजपच्या साथीने उपमुख्यमंत्री झाले. २०२४च्या निवडणुकीत तासगावला त्यांनी स्वतःच सांगितलं, की खुल्या चौकशीच्या फाइलीवर आर. आर. आबांची सही होती आणि ती सही आपल्याला फडणवीसांनी दाखवली. सहकाऱ्याने केसाने गळा कापल्याचं दुःख त्यांच्या बोलण्यात होतं. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असा प्रश्न पडला, की फाइलीवर गृहमंत्र्याने सही करणं हे दगाबाजीत कधीपासून धरायला लागले?

कुठल्याही न्यायालयाने त्यांना दोषी धरलेलं नाही. पूर्ण खटला चालून, साक्षीपुरावे तपासले जाऊन ते निर्दोष सुटले, असंही घडलेलं नाही. ते निर्दोष असतील तर या प्रकरणात सगळ्यात मोठा अन्याय त्यांच्यावरच झाला, कारण बारा वर्षं चिखल अंगावर घेऊन हाती काय आलं, तर बदलत्या सरकारांबरोबर बदलणारी प्रतिज्ञापत्रं. दोषी असतील तर जनतेवर. दोन्हीपैकी काय खरं हे ठरवणारी जी जागा असते, तिथपर्यंत प्रकरण जाऊच दिलं गेलं नाही.

शिखर बँकेचंही तेच. रिझर्व्ह बँकेने २०११मध्ये राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त केलं. ऑगस्ट २०१९मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. २५ हजार कोटींचा आकडा फिरू लागला. सप्टेंबरात ईडीने शरद पवारांचं नाव त्यात घातलं. बारामती बंद झाली. आपण त्या बँकेवर कधी संचालकही नव्हतो असं सांगत पवारांनीच २७ सप्टेंबरला ईडीच्या कार्यालयात जायची घोषणा केली, आणि येऊ नका म्हणून सांगायची वेळ ईडीवर आली. आरोप अंगावर घेऊन त्याचं भांडवल कसं करावं, याचा तो वस्तुपाठ होता. गुन्ह्याचं काय झालं? २०२०मध्ये पोलिसांनी तपास बंद करायचा अहवाल दिला. २०२२मध्ये पुन्हा तपास सुरू. २०२४च्या सुरुवातीला पुन्हा बंद. या तिन्ही वर्षी मंत्रालयात कोण बसलं होतं ते वाचकाने आठवावं. मी भाष्य करत नाही.

दुसऱ्यांदा आलेला तो अहवाल 'क' समरी होता. पोलीस ठाण्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हा प्रकार माहीत असतो. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, ती 'अ' समरी. तक्रारच खोटी, खोडसाळ, ती 'ब'. आणि खरंही नाही, खोटंही म्हणता येत नाही, काहीतरी गैरसमज झाला, ती 'क'. आपल्या सार्वजनिक जीवनातल्या बहुतेक मोठ्या आरोपांना हीच गत मिळते. 'ब' समरी झाली असती तर आरोप करणाऱ्याला जाब विचारता आला असता. 'क' समरीत कुणालाच काही विचारता येत नाही. सगळे सुटतात: ज्याच्यावर आरोप झाला तोही आणि ज्याने केला तोही.

आणि आरोप मेला असंही होत नाही. तो गुंडाळून माळ्यावर ठेवलेला असतो, लागेल तेव्हा काढायला. ऑक्टोबर २०२१मध्ये मावळातल्या एका कार्यक्रमात इंदापूरचे हर्षवर्धन पाटील, तेव्हा ते भाजपमध्ये होते, मिश्किलपणे म्हणाले की इथे आल्यापासून शांत झोप लागते, चौकशी नाही, काही नाही. वाक्य गमतीचं होतं. पण ती गंमत कळण्यासाठी ऐकणाऱ्याला जे आधीच ठाऊक असावं लागतं, ते गमतीचं नव्हतं. (२०२४च्या ऑक्टोबरात पाटील शरद पवारांच्या पक्षात गेले. झोपेचं पुढे काय झालं, हा त्यांचा खासगी प्रश्न.)

'जनतेच्या कोर्टात निकाल लागला' असं पुढारी म्हणतात तेव्हा मला हसू येतं. जून २०२४च्या लोकसभा निकालात बारामती विधानसभा क्षेत्राने सुप्रिया सुळेंना जवळपास ४८ हजारांची आघाडी दिली. त्याच मतदारांनी नोव्हेंबरात अजित पवारांना लाखाच्या फरकाने निवडून दिलं. हे कोर्ट असेल तर त्याने सहा महिन्यांत दोन उलटे निकाल दिले. मतदार काही येडा नाही. त्याने ताईंना दिल्लीला पाठवलं, दादांना मुंबईला पाठवलं. घोटाळा झाला की नाही हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यानेही ते सांगितलं नाही. एमआयडीसी, रस्ते, कालव्याचं आवर्तन, पोराची नोकरी यांचा हिशेब करून दिलेलं मत निर्दोषत्वाचा दाखला म्हणून फिरवायचं, हा मतदाराचाही अपमान आहे.

मग लोकांच्या मनावर काही चरा उमटतच नाही का? उमटतो, पण भलत्या ठिकाणी. एप्रिल २०१३मध्ये, ऐन दुष्काळात, इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीच्या सभेत अजित पवार धरणातल्या पाण्याबद्दल जे बोलले ते वाक्य इथे छापायची गरज नाही. मराठी माणसाला ते पाठ आहे. उजनीत पाणी सोडा म्हणून सोलापूरचा एक कार्यकर्ता आझाद मैदानात उपोषणाला बसला होता, त्याची ती थट्टा होती. विधिमंडळ बंद पडलं. त्यांनी माफी मागितली आणि १४ एप्रिलला कराडच्या प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी, आत्मक्लेश म्हणून दिवसभर बसून राहिले. सत्तर हजार कोटी कुणाला डोळ्यांपुढे आणता येत नाहीत. ते वाक्य मात्र प्रत्येकाने कानांनी ऐकलं होतं, आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे असं सुकलेल्या पिकाच्या बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटलं. माझ्या मते ते प्रकरण या सगळ्यांत तुलनेने निरोगी होतं. आरोप नेमका होता, पुरावा ध्वनिफितीवर होता, कबुली आली, माफी आली, प्रायश्चित्तासारखं काहीतरी झालं. टर उडायची ती अजून उडते, पण त्या आरोपाचं काय झालं, असं कुणाला विचारावं लागत नाही.

आता दुसरा आरोपी. तोही बारामतीचाच.

८ जून १९९८. पारधी समाजातला पस्तिशीचा एक माणूस बारामतीत पोलिसांच्या ताब्यात असताना मेला. मारहाणीने मेला, असा आरोप झाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्या समाजाची नावं पोलिसांच्या वहीत पुरेशी लिहून झाली आहेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमध्ये पुरुलियाला बुधन सबर असाच कोठडीत मेला होता. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी त्या सुमारास संघटना उभी केली आणि दोन्ही मृत्यूंचा पाठपुरावा केला. दिलीप डिसूझा यांच्या विमुक्तांवरच्या पुस्तकात बारामतीची ही हकिकत आली आहे. बारामतीवर जी पुस्तकं लिहिली जातात, गौरवाची आणि टीकेची, त्यांत मात्र ती मला दिसली नाही.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजच्या समाज जन्माने गुन्हेगार ठरवले. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, नाहीतर तारेच्या कुंपणाआड वसाहतीत राहायचं. सोलापुरात आजही 'सेटलमेंट' म्हणून ओळखली जाणारी वस्ती आहे. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, माणसं 'विमुक्त' झाली, पण सवय गेली नाही. गावात मोटर चोरीला गेली, शेळी गेली, रात्री कुणाचं घर फोडलं, की गाडी आधी पालावर जाते. पोलिसांचीच जीप असते असं नाही, गावकऱ्यांचीही असते. ज्याला उचलला त्याने काही केलंय का, हा प्रश्न नंतरचा. तो कुठल्या पालावरचा, हे आधी. त्याच्यावर आरोप करावा लागत नाही, कारण तो आरोप घेऊनच जन्मलेला असतो.

दोष पोलिसांच्या स्वभावापुरता असता तर बदल्या करून भागलं असतं. भोकरदनचं प्रकरण पाहा. २००३ साली जालना जिल्ह्यात एका शेतवस्तीवर दरोडा पडला, खून झाले, अत्याचार झाले. भटक्या जमातीतली सहा माणसं पकडली गेली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी केली, तर २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सहाही जणांना दिली. मग ५ मार्च २०१९ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं गेली होती. पकडला तेव्हा त्यांतला एक अल्पवयीन होता. निकालपत्रात नोंद आहे की वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले होते, आणि ते चार जण या सहांतले नव्हते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई मिळाली. मधे तीन न्यायालयांनी हीच कागदपत्रं वाचली होती. न्यायाधीश वाईट होते असं मी म्हणणार नाही. पिंजऱ्यात अशी सहा माणसं उभी असली की कागद वाचायच्या आधीच डोळ्यांनी काहीतरी वाचलेलं असतं.

मागे एका तालुक्याच्या कोर्टात कामानिमित्त बसलो होतो. लिंबाखाली एक म्हातारी, हातात प्लास्टिकची पिशवी, तीत आधारच्या झेरॉक्स. पोराला जामीन होऊन पंधरवडा झाला होता, पोरगा अजून आतच होता. वकील तरुण होता आणि उर्मट नव्हता.

"मावशी, जामीनदार लागंल. सातबारावाला कुणी हाय का तुमच्याकडं?"

"सातबारा असता तर म्या हितं आले असते व्हय, सायेब?"

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने ओळखीच्या एका शेतकऱ्याला फोन लावला. पलीकडचा माणूस तयार होता, पण बायको नको म्हणत होती: पारध्याला जामीन राहिलो म्हणून गावात तोंड दाखवायची पंचाईत. कोर्टाने निर्दोष धरण्याचं तत्त्व पाळून जामीन दिला होता. ते तत्त्व एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात येऊन अडकलं.

प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये फौजदारी बदनामीचा कायदा कायम ठेवताना म्हटलं. वाक्य उत्तम आहे. त्याचा उपयोग कोण करतो? पुढारी, उद्योगपती, नट. या देशात कुठल्या विमुक्त माणसाने 'मला चोर म्हणालात' म्हणून पाटलावर अब्रूनुकसानीचा दावा लावल्याचं मी ऐकलेलं नाही. दाव्यासाठी आधी अब्रू होती हे दाखवावं लागतं.

म्हणून 'आरोप झाला तरी सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष' हे वाक्य मला अपुरं वाटतं. वाक्य खरं आहे, पण ते पाळायला वेळ लागतो आणि तो वेळ काढायची ऐपत सगळ्यांकडे सारखी नसते. ज्याच्याकडे कारखाना आहे, पक्ष आहे, वकील आहेत, तो वीस वर्षं थांबू शकतो. थांबता थांबता मंत्री होऊ शकतो. त्याच्यावरचा आरोप रेंगाळला तर त्याचा फायदाच. पालावरच्या माणसाला वीस दिवस थांबवलं तरी घर उठतं. म्हणजे आरोपाचा निकाल न लागणं ही तटस्थ गोष्ट नाही. एकाला ते पांघरूण आहे, दुसऱ्याला शिक्षा.

जुन्या मराठी न्यायव्यवस्थेचं गुणगान करायचा माझा विचार नाही. रवा दिव्य म्हणजे तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची, आणि ठरल्या दिवशी पिशवी सोडून हात पोळला की नाही ते पाहायचं. असल्या न्यायात हात कुणाचा पोळणार हे सांगायला नको. जातपंचायतीच्या नावाखाली उकळत्या तेलातून नाणं काढायला लावायचा प्रकार आपल्या काळापर्यंत चालत आला आहे, पारधी समाजातही, आणि तो हात बहुतेक वेळा संशय घेतलेल्या बाईचा असतो. आळ सोसणारा समाज आपल्या बायकांवर आळ घेताना हात आखडता घेत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ला कायदा करावा लागला तो उगाच नाही.

तरी त्या जुन्या कागदांत एक गोष्ट लक्षात येते. गोतसभेत वाद तुटला की जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे आणि हरणाऱ्याला येजितखत, म्हणजे आपण हरलो असं लेखी, द्यावं लागे. दोष लागलेल्याने प्रायश्चित्त घेतलं की त्याला पंगतीत बसवत, आणि गावाने शेजारी बसून खाल्लं की विषय संपे. निकाल चुकीचा असेल, पण तो होता, आणि आरोप करणाऱ्यालाही तो भोगावा लागे. आपण दिव्य टाकलं ते उत्तमच केलं. येजितखत का टाकलं, कळत नाही. टीव्हीवर रोज नऊ वाजता आरोप होतात; आरोप करणाऱ्याने हरल्याची किंमत मोजल्याचं मला चटकन आठवणारं प्रकरण मात्र १४० वर्षांपूर्वीचं आहे.

ते प्रकरण कोल्हापूरचं. १८८२. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ दिवाण माधवराव बर्वे करतात, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'ने केला. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. सुटले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. कोर्टात जिंकलेले बर्वे लोकांच्या मनात खलनायकच राहिले. आणि १८८३च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रज शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, ते तरुण छत्रपती वारले. म्हणजे कागद खोटे होते, पण काहीतरी सडतंय हा संशय खोटा नव्हता. या प्रकरणावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला ते सोपं करून सांगता येत नाही. एवढं मात्र दिसतं, की टिळक-आगरकर चुकीच्या पुराव्याची किंमत देऊन मोकळे झाले, आणि म्हणूनच त्यांच्या पुढच्या आरोपांना वजन राहिलं.

यावर कुणी म्हणेल, मग काय, कोर्टात सिद्ध होईपर्यंत सगळ्यांनी तोंड शिवून बसायचं? मुळीच नाही. दुबळ्याकडे आरोपाखेरीज असतं काय? १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झालेल्या आदिवासी मुलीने तोंड उघडलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले आणि सगळी चर्चा तिच्याच चारित्र्याची झाली. चार कायदेपंडितांनी १९७९ला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ला कायदा बदलला. ती गप्प बसली असती तर तो बदललाच नसता. आपल्याच पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकाराचे अर्ज टाकून, कागद काढून, जमिनीच्या व्यवहारांवर बोट ठेवत होते. बैलगाडी नव्हती, हातात मावतील एवढेच कागद. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. सीबीआयने पुढे तपास बंद करण्याचा अहवाल दिला. नेमका आरोप करणाऱ्याला हे मिळतं आणि फुगवलेला आरोप करणाऱ्याला मंत्रिपद, हे चित्र पाहून नव्या पिढीने कुठला धडा घ्यायचा?

आणि आपली, म्हणजे तुमची-माझी, नैतिकता? जुलै २०२५मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. मुंबईच्या लोकलमधल्या २००६च्या बॉम्बस्फोटांतले बाराही आरोपी उच्च न्यायालयाने सोडले, आणि २००८च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयाने. दोन्हीकडे पुरावा टिकला नाही, दोन्हीकडे माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिलेली, दोन्हीकडे मेलेल्यांचे नातलग विचारत राहिले की मग मारलं कुणी. पहिल्या निकालाविरुद्ध राज्य सरकार दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात गेलं. चौकाचौकांत मी जे ऐकलं त्यात असे लोक फार होते, ज्यांना एक निकाल न्याय वाटला आणि दुसरा अन्याय. कुठला कुठला हे माणसागणिक बदलत होतं. दोन्ही निकाल शेवटपर्यंत वाचलेला एकही भेटला नाही. आरोपी कोण आहे हे कळलं, की आरोप खरा की खोटा ते आपल्याला आपोआप कळतं. पालावर आधी गाडी पाठवणाऱ्या फौजदाराची आणि आपली रीत वेगळी नाही. त्याला निदान तपासाचा ताण असतो.

चुकीच्या खटल्यात भरडल्या गेलेल्यांना भरपाई मिळावी यासाठी कायदा करा, असं विधी आयोगाने २०१८मध्ये आपल्या २७७व्या अहवालात सांगितलं. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात सगळ्या राज्यांना आपापल्या हिस्ट्रीशीटच्या पद्धतीकडे पुन्हा पाहायला सांगितलं. मागास आणि विमुक्त समाजातल्या निरपराध माणसांची नावं निव्वळ पूर्वग्रहापोटी त्यांत जाऊ नयेत, हे त्यामागचं कारण. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरच्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांतली जात काढून टाका आणि विमुक्तांना मनमानीने अटक करू नका, असंही बजावलं. हे सगळं कागदावर आहे. शिखर बँकेचा २५ हजार कोटींचा गुन्हा बंद करायचा अहवाल दोनदा लिहायला पोलिसांना अधिकारी मिळाले, वेळ मिळाला, नमुनाही ठरलेला होता. बारामतीच्या किंवा इंदापूरच्या ठाण्यातल्या वहीतून एखाद्या पारध्याचं नाव कमी करायचं असेल, तर अर्ज कुणाकडे करायचा, कुठल्या नमुन्यात आणि उत्तर किती दिवसांत मिळणार, एवढं ठाण्याच्या दर्शनी भागात लिहून लावायला काय हरकत आहे? तक्रार कशी करावी याचा फलक तिथे असतोच.